सहा हजार मीटरच्या शिखरासाठी दोरावरचे जोडीदार कुठे शोधावेत आणि कसे पारखावेत?

नाणेघाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून माझा बेसिक कोर्स 'अ' श्रेणीत पूर्ण झाला आहे. टेकलाच्या कातळावरचा सराव आणि त्यानंतर हिमनदीवर आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बुटांखाली लावायचे अणकुचीदार खिळे) व दोराचे घेतलेले धडे अजून हातात ताजे आहेत, तोवरच सहा हजार मीटरच्या वरचे एखादे शिखर करावे अशी इच्छा आहे. लडाखमधील कांग यात्से २ (६२५० मीटर) माझ्या मनात आहे, कारण आपल्याकडे पावसाळा ऐन भरात असताना पर्जन्यछायेतल्या लडाखमध्ये चढाईचा मोसम असतो आणि नोकरीतली रजाही मला त्याच सुमारास मिळू शकते.

अडचण जोडीदारांची आहे. कोर्समध्ये ज्यांच्याबरोबर एका दोरावर होतो, त्यांपैकी एक कोलकात्याचा, एक बंगळुरूचा आणि एक लष्करातला. पुण्यातील माझ्या गिर्यारोहण मंडळातले मित्र सह्याद्रीत तरबेज आहेत, पण त्यांना सलग पंधरा-सोळा दिवसांची रजा मिळत नाही. समाजमाध्यमांवर 'जोडीदार हवेत' अशा जाहिराती पुष्कळ दिसतात. त्यांत शिखराचे नाव, तारखा आणि प्रत्येकी खर्च एवढेच असते, माणसाविषयी काहीच नसते. अशा जाहिरातीवरून ठरलेल्या लोकांबरोबर जावे का? की सरळ एखाद्या व्यावसायिक कंपनीच्या तुकडीत नाव नोंदवावे? आणि अनोळखी माणूस पारखायचा झाल्यास नेमके काय पाहावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

हिमरेषा

शिखर आणि तारीख आधी ठरवून मग माणसे शोधायला निघालात, की त्या तारखेला मोकळी असतील ती माणसे घ्यावी लागतात. हिमालयातल्या पुष्कळशा बेबनावाचे मूळ मला इथेच दिसते. ज्यांच्या मोहिमा वर्षानुवर्षे नीट पार पडतात ते आधी दोन-तीन माणसे धरतात आणि त्यांच्या रजेला, खिशाला व कौशल्याला पेलेल असे शिखर नंतर निवडतात. आपल्या मनातले शिखर त्यामुळे एखाद्या वर्षाने पुढे जाईल, पण ते कुठे पळून जाणार नाही. (लडाखमधलेच स्टोक कांग्री शिखर २०२० मध्ये बंद झाले हे खरे, पण तो अपवाद. तिथली गर्दी कांग यात्सेकडे वळली, ही गोष्टही शिखर निवडताना लक्षात घ्यावी.)

जोडीदार कसला हवा हे भूभागावर अवलंबून असते. कांग यात्से २ च्या बेस कॅम्पपर्यंत, म्हणजे सुमारे ५१०० मीटरपर्यंत, सामान खेचरांवर जाते. त्यापुढे मुरूम आणि दगडगोटे ओलांडून क्रॅम्पॉन चढवण्याच्या जागी पोहोचलात, की माथ्याच्या कण्यापर्यंत बर्फाचा लांबलचक उतार आहे. तंत्राच्या दृष्टीने तो कठीण नाही, पण पहाटे टणक झालेल्या बर्फावर घसरणारा माणूस आपोआप थांबेल इतका सौम्यही नाही. व्यावसायिक तुकड्यांत अनेकदा वाटाड्या पुढे आणि त्याच्यामागे सहा-सात अनोळखी माणसे एकाच दोराला, अशी वरात दिसते. बर्फात कुठेही अँकर (दोर बांधायचा पक्का आधार) नसताना एवढी माणसे एकत्र बांधली, तर शेवटच्याचा पाय सुटल्यावर बाकीच्यांना तो सावरता येईलच याची खात्री नसते. उलट सगळेच त्याच्यामागे ओढले जाऊ शकतात. आपल्या पुढचा आणि मागचा माणूस घसरण्याच्या पहिल्याच क्षणी अ‍ॅक्स रोवून स्वतःला थांबवू शकतो की नाही, हे ठाऊक नसताना त्या दोरात गाठ मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट देव टिब्बासारख्या (६००१ मीटर) शिखरावर हिमभेगांचा (हिमनदीतल्या खोल चिरांचा) प्रदेश आहे. तिथे दोर अनिवार्य आहे आणि जोडीदाराला भेगेतून माणूस बाहेर काढण्याची पद्धत पुस्तकातून नव्हे, तर सरावातून यायला हवी.

कातळवेडा

हिमरेषा यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. सह्याद्रीत काय पारखता येते आणि काय येत नाही, याविषयी थोडे लिहितो.

येत नाही ती गोष्ट म्हणजे उंची. कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर आहे, त्यामुळे विरळ हवेत माणसाचे काय होते हे आपल्याकडच्या कोणत्याही डोंगरावर कळणार नाही. लिंगाणा किंवा वजीर सुळका लीलया चढणारा गडी लेहला विमानातून उतरल्यावर दोन दिवस उशीत डोके खुपसून पडलेला मी पाहिला आहे. कातळावरचे कौशल्य आणि उंचीवरची तब्येत यांचा फारसा संबंध नाही. कातळारोहकांनी (त्यात मीही आलो) हे जितक्या लवकर मान्य करावे तितके बरे.

परंतु स्वभाव इथेच कळतो, आणि तोही फुकटात. भर जुलैत पंधरा किलोची सॅक घेऊन अलंग-मदन-कुलंग करा. ओल्या कपड्यांत गुहेत मुक्काम करा आणि सकाळी स्टोव्ह कोण पेटवतो, भांडी कोण घासतो, दुसऱ्याचे पाणी संपल्यावर स्वतःची बाटली न मागता कोण पुढे करतो, हे पाहा. माझी मुख्य परीक्षा मात्र गाठीची असते. चढाई सुरू करण्यापूर्वी मी जोडीदाराच्या हार्नेसचे (कमरेच्या सुरक्षा-पट्ट्याचे) बकल आणि त्याने मारलेली आठाची गाठ हाताने ओढून तपासतो, कॅरॅबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू फिरवून पाहतो आणि माझेही त्याने तसेच तपासावे असा आग्रह धरतो. काही जणांना यात अपमान वाटतो. "इतकी वर्षे चढतोय, मला गाठ मारता येत नाही का?" असे उत्तर ज्याच्याकडून येते, त्याच्याबरोबर मी सुळका चढेन, पण हिमालयात जाणार नाही. पहाटे दोन वाजता, शून्याखाली दहा-बारा अंशांत, झोप न झालेल्या अवस्थेत प्रत्येक जण चुकतो. त्या वेळी दुसऱ्याने केलेली तपासणी हाच एकमेव आधार असतो आणि ती मुकाट्याने करू देण्याची सवय तिथे गेल्यावर लागत नाही.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. ओळखीची माणसे म्हणजे चांगले जोडीदार, असे समीकरण नाही. जिवलग मित्राला "तुझी गती कमी पडते आहे, तू इथेच थांब" असे सांगणे फार अवघड जाते आणि मित्रही मैत्रीखातर त्रास लपवतो. कामापुरती ओळख असलेला, पण सडेतोड बोलणारा माणूस दोरावर अधिक भरवशाचा ठरल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत.

प्राणवायू

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि सवडीने डोंगरात जातो. कातळवेडा यांनी त्रास लपवण्याचा उल्लेख केला, तोच धागा पुढे नेतो, कारण वैद्यकीय दृष्टीने पाहता जोडीदाराची पहिली पात्रता तीच आहे.

साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही जवळपास निम्माच. शरीर त्याच्याशी जुळवून घेते, पण स्वतःच्या वेळापत्रकाने, आपल्या रजेच्या वेळापत्रकाने नव्हे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा मुक्काम करावा, हा सर्वमान्य नियम आहे. पुण्या-मुंबईहून विमानाने थेट लेहला, म्हणजे सुमारे साडेतीन हजार मीटरवर, उतरणारा माणूस पहिल्याच दिवशी हा नियम मोडून बसतो. त्यामुळे लेहमध्ये किमान दोन दिवस, शक्य तर तीन दिवस, काहीही न करता काढावेत. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स या औषधाची प्रतिबंधक मात्रा (साधारणपणे १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा) उपयोगी पडते. मात्र सल्फा गटाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि इतर सर्वांनीही ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आता जोडीदाराविषयी. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे ही पहिली लक्षणे फक्त ज्याची त्याला कळतात. ती त्याने सांगितली नाहीत, तर कोणालाही दिसत नाहीत. मेंदूला सूज येऊ लागली की परिस्थिती नेमकी उलटी होते. दुसऱ्यांना स्पष्ट दिसत असते आणि रुग्णाला मात्र आपण ठणठणीत आहोत असे वाटते, कारण ज्या मेंदूने निर्णय घ्यायचा तोच आजारी असतो. अशा वेळी जमिनीवर एक सरळ रेषा आखून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत चालायला सांगावे. तोल गेला तर वाद न घालता त्याच क्षणी खाली न्यावे, मग मध्यरात्र का असेना. फुप्फुसात पाणी झाल्यास बसल्याजागी धाप लागते, खोकला येतो, आणि काल सर्वांच्या पुढे असलेला माणूस आज तंबूपासून शौचाला जाऊन येईपर्यंत थकतो. जोडीदार आदल्या दिवशी कसा चालत होता हे तुम्हाला ठाऊक असेल, तरच आजचा फरक तुमच्या लक्षात येईल. काल बेस कॅम्पवर ओळख झालेल्या माणसाच्या बाबतीत ही तुलनाच करता येत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रत्येकाने आपली लक्षणे मोठ्याने सांगायची, नेत्यानेसुद्धा, किंबहुना नेत्यानेच आधी. पुढारी "आज माझे डोके दुखते आहे" म्हणाला की बाकीच्यांची जीभ आपोआप सैल होते.

ठाणे_पूर्व

चर्चा उत्तम चालली आहे. स्त्री गिर्यारोहक म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

पहिली गोष्ट तंबूची. मोहिमेचा आराखडा ठरवताना तंबू कोणाबरोबर, हा प्रश्न मी सुरुवातीलाच विचारते आणि त्याला मिळणाऱ्या उत्तराच्या सुरावरून गटाविषयी बरेच कळते. "तिथे गेल्यावर बघू" असे उत्तर आले की मी त्या गटाला नम्रपणे नकार देते. वादळात अडकल्यावर दोन माणसे दोन-तीन दिवस एका तंबूत काढतात, तेव्हा संकोच न बाळगता कपडे बदलता येणे, पाळी आल्याचे सांगता येणे आणि रात्री बाहेर जाताना दुसऱ्याला उठवता येणे, या अगदी साध्या गोष्टी मोहीम पेलण्याइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. याचा अर्थ केवळ स्त्रियांबरोबरच जावे असा नाही. माझ्या उत्तम जोडीदारांत पुरुषही आहेत. पण ज्यांना स्त्री जोडीदार हव्यात त्यांच्यासाठी उत्तरकाशी आणि मनालीच्या संस्थांतले महिलांचे स्वतंत्र कोर्स हे सर्वांत चांगले ठिकाण आहे. महिनाभर एका दोरावर आणि एका खोलीत राहून झालेली ओळख कोणत्याही जाहिरातीपेक्षा भक्कम असते.

दुसरी गोष्ट पैशांची. एका मोहिमेत एका सदस्याने निघण्याच्या आठवडाभर आधी अंग काढून घेतले. खेचरांचे आणि स्वयंपाक्याचे पैसे आगाऊ दिलेले होते, त्याचा वाटा उरलेल्यांवर पडला आणि त्यावरून झालेली कटुता डोंगरात बरोबर आली. त्यानंतर आम्ही एक पानभर मजकूर लिहून काढू लागलो: कोणी माघार घेतल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम परत, कोणाला अर्ध्यातून खाली आणावे लागल्यास गाडीचा आणि इस्पितळाचा खर्च कोणाचा, दोर-तंबू सामाईक असतील तर फाटल्यावर भरपाई कशी. विम्याची पॉलिसीही सर्वांनी एकत्र बसून वाचावी. अनेक प्रवास विम्यांत उंचीची मर्यादा असते, आणि दोर किंवा आइस अ‍ॅक्स वापरून केलेली चढाई वगळलेली असते. हे शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांत असते.

नाणेघाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दोन उपप्रश्न आहेत. कोलकात्याचा मित्र तयार आहे, म्हणजे आम्ही दोघे झालो. हिमभेगांच्या प्रदेशात दोघांचा दोर चालेल का, की तिसरा हवाच? आणि तिसरा अनोळखी मिळाला तर दोन ओळखीचे अधिक एक परका, अशी रचना बिघडत नाही का?

हिमरेषा

दोघांचा दोर जगभर वापरला जातो, परंतु तो पूर्ण तयारीच्या माणसांचा खेळ आहे. कल्पना करा की पुढचा माणूस भेगेत गेला. मागच्याने झोकून देऊन त्याला थांबवले. आता त्याच्या कमरेवर जोडीदाराचे सगळे वजन लटकते आहे आणि त्याच अवस्थेत, पालथे पडून, एका हाताने स्नो बार (बर्फात ठोकायची धातूची पट्टी) ठोकून, त्यावर दोर उतरवून त्याला स्वतःला मोकळे करायचे आहे. त्यानंतरच ओढण्याची यंत्रणा उभी राहणार. तिसरा माणूस असेल तर वजन दोघांत विभागले जाते आणि एक जण निवांत अँकर करू शकतो. एवढ्या एका कारणासाठी तुमच्या टप्प्यावर तीन ही किमान संख्या मानावी. दोघेच जाणार असाल तर अंतर वाढवावे, जादा दोराची वेटोळी दोघांनीही अंगावर ठेवावी आणि मधल्या दोरावर गाठी माराव्यात, म्हणजे त्या भेगेच्या ओठात अडकून पडणाऱ्याचे वजन काही प्रमाणात घेतात. गाठींमुळे दोर वर ओढणे अवघड होते, ही त्याची दुसरी बाजू.

तिसरा परका असल्याने रचना बिघडते का, याचे उत्तर निवडीच्या निकषात आहे. १९५३ च्या अमेरिकन के-टू मोहिमेचे उदाहरण मला इथे चपखल वाटते. नेता चार्ल्स ह्यूस्टन आणि त्याचा जुना साथी बॉब बेट्स यांनी माणसे निवडताना नावाजलेल्या, चमकदार आरोहकांपेक्षा एकमेकांशी जमवून घेतील अशा समतोल माणसांना पसंती दिली. निवडलेले सगळेच एकमेकांचे जुने मित्र नव्हते. आठव्या कॅम्पवर वादळात अडकले असताना आर्ट गिल्कीच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. त्याला एवढ्या उंचीवरून खाली आणणे जवळजवळ अशक्य आहे हे सर्वांना कळत होते, तरीही शिखराचा विचार सोडून सगळे त्याला घेऊन उतरू लागले. १० ऑगस्टला जॉर्ज बेल घसरला. त्याच्या दोराने दुसऱ्यांचे दोर गुंतले आणि एकामागून एक पाच जण खाली निघाले. पीट शोनिंगने एका खडकामागे रोवलेल्या आइस अ‍ॅक्सवर तो सगळा भार तोलून धरला, गिल्कीसकट. गिल्की त्याच दिवशी पुढे उतारावरून नाहीसा झाला, बाकीचे सातही जण परत आले. ही मोहीम शिखरावर पोहोचली नाही, तरी तिच्याविषयी गिर्यारोहक आजही आदराने बोलतात. डॉक्टरसाहेबांना ठाऊक असेलच, की उंचीवर फुप्फुसात पाणी होण्याच्या विकाराचे १९६० साली सविस्तर वर्णन करणारा ह्यूस्टन तो हाच.

मुक्तसंचारी

माफ करा, पण ही सगळी चर्चा मला थोडी अतिरेकी वाटते. मनालीत आणि लेहमध्ये उत्तम स्थानिक वाटाडे आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी संस्थांत प्रशिक्षण घेतलेले आहे आणि त्या शिखरावर ते एकेका मोसमात कितीतरी वेळा जातात. त्यांच्याइतका जाणकार जोडीदार पुण्यात बसून शोधून सापडणार आहे का? मी एक वाटाडा आणि एक स्वयंपाकी घेतो आणि निघतो. ना रजांचा मेळ घालायचा, ना स्वभाव पारखायचे, ना पैशांचे वाद.

कातळवेडा

वाटाड्यांच्या कौशल्याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच आहे की वाटाडाच भेगेत गेला तर त्याला वर कोण काढणार? तुम्ही दोघेच दोरावर असाल आणि तुम्हाला ते काम येत नसेल, तर तो एकटाच धोका पत्करतो आहे, आणि तेही रोजंदारीवर. तुम्हाला येत असेल, तर मग तुम्ही जोडीदाराच्या योग्यतेचे झालात आणि आपला वादच मिटला. शिवाय पैसे देणाऱ्याला "परत फिरा" असे सांगणे अनेक वाटाड्यांना जड जाते. आजच्या ग्राहकाच्या नाराजीवर त्यांचे उद्याचे काम अवलंबून असते. वाटाडा जरूर घ्यावा, पण परतीची वेळ ठरवण्याचा अधिकार त्याचा राहील हे निघण्यापूर्वी त्याला आणि स्वतःलाही स्पष्ट सांगावे.

मुक्तसंचारी

परतीच्या वेळेचा मुद्दा मान्य. पहिल्या मुद्द्यावर विचार करतो.

रेनियर_पायथा

मी सध्या सिॲटलजवळ राहतो. इथली पद्धत सांगतो, उपयोगी वाटल्यास पाहावी. माउंट रेनियर (४३९२ मीटर) हे अवाढव्य हिमनद्यांचे शिखर आहे आणि वरच्या भागात एकट्याने चढाई करायची असल्यास राष्ट्रीय उद्यानाकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते. साहजिकच जोडीदार शोधणे हा इथल्या प्रत्येक नवशिक्याचा प्रश्न असतो. १९०६ पासून चालत आलेल्या 'द माउंटेनियर्स' या इथल्या संस्थेत वर्षभराचे वर्ग असतात. त्यांत व्याख्याने, कातळावरचे आणि बर्फावरचे सराव, आणि नंतर संस्थेच्या स्वयंसेवक नेत्यांबरोबरच्या चढाया असा क्रम असतो. वर्ग संपेपर्यंत आपोआपच पाच-सात माणसे अशी होतात, ज्यांना आपण बर्फात धडपडताना पाहिलेले असते आणि ज्यांनी आपल्याला पाहिलेले असते.

महाराष्ट्रात हे काम जुन्या गिर्यारोहण संस्था करतातच. मुलुंडचे गिरिमित्र संमेलन आहे, मुंबईत हिमालयन क्लबचे कार्यक्रम असतात. धागाकर्त्याने तिथे केवळ व्याख्यान ऐकून परत न येता, पुढच्या वर्षी कोण कुठे जाणार आहे हे चहाच्या रांगेत विचारावे. जाहिरातीत न लिहिलेल्या मोहिमा तिथे कळतात.

हिमरेषा

एक कटू गोष्ट राहून गेली. चांगल्या निवडीने धोके कमी होतात, संपत नाहीत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा २ या शिखरावर हिमस्खलनात सापडलेली तुकडी धागाकर्त्याच्याच संस्थेच्या प्रगत कोर्सची होती. प्रशिक्षित माणसे होती, मार्गदर्शक होते, तरी सत्तावीस मृतदेह सापडले आणि दोघे बेपत्ताच राहिले. नव्या बर्फानंतर उतार किती दिवस सोडून द्यायचा, यावर जोडीदारांचे आधीच एकमत असावे. नेपाळमध्ये खासगी हेलिकॉप्टर जितक्या सहज मिळते तितके आपल्याकडे मिळत नाही. इथे ते बहुतेक वेळा लष्कराचे किंवा वायुदलाचे असते आणि यंत्रणा हलेपर्यंत तास नव्हे, दिवसही जाऊ शकतो. तोवर जे काही करायचे ते दोरावरच्या दोघांनीच करायचे असते.

प्राणवायू

यावरून आठवले. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपला रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधे, पूर्वी उंचीवर झालेला त्रास आणि घरच्या माणसाचा क्रमांक एका कागदावर लिहून तो दुसऱ्याच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावा. स्वतःच्या नव्हे. पूर्वी फुप्फुसात पाणी झाले असेल तर ते पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते, आणि नेमकी हीच माहिती गटात घेणार नाहीत या भीतीने लपवली जाते. जो हे आपणहून सांगतो त्याला गटातून वगळण्यापूर्वी दहा वेळा विचार करा.

नाणेघाट (धागाकर्ता)

बरेच काही मिळाले. कोलकात्याच्या मित्राशी काल बोललो आणि आम्ही बेत बदलला आहे. यंदा मे-जूनमध्ये मनालीजवळचे फ्रेंडशिप शिखर (५२८९ मीटर) करायचे. धुंडीपर्यंत रस्ता असल्याने खर्च आटोपशीर राहतो, रजाही कमी लागते आणि बर्फावर एकत्र चालण्याची संधी मिळते. तिसरी सदस्य म्हणून आमच्या मंडळातल्या एका ताईंना विचारले आहे. त्या मनालीच्या संस्थेतून बेसिक झालेल्या आहेत, माझी त्यांच्याशी फारशी ओळख नाही, पण त्यांनी होकार देण्यापूर्वी मला पहिलाच प्रश्न तंबूचा विचारला! (ठाणे_पूर्व ताई, आपला प्रतिसाद त्यांना दाखवला नव्हता.) कांग यात्से २ चे काय करायचे ते फ्रेंडशिपहून परतल्यावर तिघे मिळून ठरवू.

भेगेतून माणूस काढण्याचा सराव पुण्यात कुठे करता येईल?

कातळवेडा

बर्फ नसला तरी यंत्रणा तीच. शहराजवळची एखादी बंद पडलेली खाण किंवा तीन-चार मीटरचा मातीचा बांध पुरतो, पण मालकाची परवानगी आधी घ्यावी आणि वरची कड सुटी नाही ना हे पाहावे. खाली सॅकमध्ये माणसाच्या वजनाइतके दगड भरून लटकवावेत, प्रुसिकच्या (मुख्य दोरावर पकड घेणाऱ्या गाठीच्या) दोन दोऱ्या आणि दोन पुली घेऊन झेड पुली (कमी जोराने वजन ओढण्याची 'झेड'च्या आकाराची रचना) लावावी, आणि तिघांपैकी प्रत्येकाने ती एकदा एकट्याने पूर्ण करावी. सॅकचा भार अँकरवर जाण्याआधी दुसरा अँकर तयार असलाच पाहिजे. दगडांनी नीट जमल्यावरच, वेगळा सुरक्षा दोर लावून, खरा माणूस लटकवावा. सगळे जमले की तेच जाड हातमोजे घालून करून पाहा. पाऊस थांबल्यावर आमचे मंडळ असा सराव घेते, पण तुम्हाला मेपूर्वी हवा असेल तर मार्चमधल्या एखाद्या रविवारी सकाळी सहाला सुरू करून दहापर्यंत संपवू, त्यानंतर खाणीत उन्हाने उभे राहवत नाही. दोर मी आणतो. हार्नेस, हेल्मेट आणि हातमोजे आपापले आणावेत. तिघेही येणार असाल तरच कळवा.